उरलेली सात मिनिटं

संचिताच्या बाबांना जाऊन पाच महिने झाले होते, आणि सहाव्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी त्यांच्या नावाचं पार्सल आलं. आलं म्हणजे घरी आलं नाही. आडखोलच्या टपाल कार्यालयापर्यंत आलं. तिथे पोस्टमन प्रितमने ते हातात घेतलं, वरचं नाव वाचलं, आणि लाल पेनने 'घेणारा मयत' असा शेरा मारून पार्सल तालुक्याला परत धाडून दिलं. यात त्याचा दोष काढणं कठीण होतं. दत्तप्रसाद मास्तरांना त्याने स्वतः खांदा दिला होता. इतक्या खात्रीच्या माहितीवर शेरा मारणारा सरकारी माणूस रोज भेटत नाही.

संध्याकाळी तोच संचिताच्या घरासमोरच्या खळ्यात येऊन बसला आणि चहा पिता पिता ही हकिगत सांगून मोकळा झाला. परदेशातून आलं होतं, चौकोनी होतं, हलवलं तर आत वाजत नव्हतं. संचिताने विचारलं, मी घरात असताना परत का पाठवलंस? त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला खोटी साक्ष द्यायला सांगितली होती.

पार्सलात काय होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एक जपानी चित्रपट. नटांचा नव्हे, चित्रांचा. लांबी सेहेचाळीस मिनिटं. एका बंदरावर रक्त पिणारे राक्षस माणसांच्या रूपात राहत असतात, आणि शाळेच्या गणवेशातली एक मुलगी तलवारीने त्यांना एकेक करून कापून काढते. बावीस वर्षांपूर्वी बाबांनी तो कणकवलीहून भाड्याने आणलेल्या सीडीवर पाहिला होता, सोबत त्यांचे मित्र गुणाजीकाका. एकोणचाळीस मिनिटं पाहिला. मुलीने शेवटच्या राक्षसावर तलवार उगारली आणि वीज गेली. वीज आली तेव्हा सीडी चालेना. सीडी परत गेली, पुढे दुकान बंद पडलं, आणि उगारलेली तलवार बावीस वर्षं तशीच राहिली.

बाबा चित्रकलेचे मास्तर. त्यांचं म्हणणं, ती त्याला मारणार नाही. चित्रकाराने मुलीची सावली राक्षसाच्या सावलीसारखीच काढली आहे, ती त्याच्याच जातीची आहे, ती त्याला सोडून देणार. गुणाजीकाकांनी तीस वर्षं दशावतारात राक्षसाची कामं केलेली. त्यांच्या मते हा प्रश्न विचारणंही चुकीचं होतं. राक्षस जिवंत राहिला तर तो रंगमंचावर आलाच कशाला? "मी तीस वर्सां रोज मेलंय," ते म्हणत, "माका इचारा."

यावरून दोघांनी चतुर्थीत वाद घातले, शिमग्यात घातले, लोकांच्या लग्नात घातले. एकदा पूर्ण पावसाळाभर बोलणं टाकलं. शेवटी या चित्रपटाची नवी, साफसूफ केलेली चकती निघाल्याचं बाबांना कुठूनसं कळलं, आणि काकांचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून त्यांनी ती मागवली. ती यायच्या आत ते गेले.

आता गुणाजीकाका रविवारी मुलाकडे डोंबिवलीला निघाले होते. कायमचे. कपाटं देऊन झाली होती, टीव्ही भाच्याकडे गेला होता, मांजर संचिताच्या शेजारच्या गोदूकाकींकडे. संचिता कोल्हापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल. दहा दिवसांची रजा काढून ती आईजवळ आली होती ती कागदपत्रं लावायला. त्याच सोमवारी रात्री जेवताना तिने आईला सांगितलं, रविवारच्या आत काकांना ती सात मिनिटं दाखवायची. बाबांचं आता तिला करता येण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. हे एक उरलं होतं, आणि वरवर पाहता सोपं दिसत होतं.

मंगळवारी ती तालुक्याला गेली. तिथल्या साहेबांशी ती अर्थातच शुद्ध मराठीत बोलली. ते त्याहून शुद्ध बोलले. त्यांनी पार्सल टेबलावर ठेवलं, मधे हात आडवा ठेवला आणि सांगितलं की घरातल्या कोणाही सज्ञान व्यक्तीला ते देता आलं असतं, परंतु आता त्यावर शेरा आलेला आहे. शेरा आल्यावर पार्सल हे पार्सल राहत नाही, प्रकरण होतं. तो शेरा ज्याने मारला त्यानेच दुरुस्त केला पाहिजे. मग त्यांनी वस्तूचं वर्णन वाचलं, ते इंग्रजीत होतं, त्यात 'व्हॅम्पायर' असा शब्द होता, आणि हा प्राणी जिवंत आहे का असं विचारलं. संचिताने चित्रपट आहे म्हणून समजावलं. साहेबांनी शांतपणे वहीत नोंद केली: 'रक्तपिपासू, नग एक.' चाळीस हजार पुस्तकांची नोंद केलेल्या बाईला ही नोंद वाचून काय वाटलं असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. कोणत्या विभागात लावाल, एवढंच विचारायचं तिने बाकी ठेवलं.

बुधवारी प्रितमला गाठलं. तो ऐकेना. "मास्तर जिते आसत असा मी लिवू?" तो म्हणाला. "उद्या वरती गेल्यार तेच माका इचारतले." संचिताने दहा प्रकारचे मजकूर करून दाखवले. 'शेरा चुकून.' चुकून नव्हता. 'शेरा रद्द.' मग मास्तर उठले असा अर्थ होतो. आई आतून ऐकत होती. ती तांदूळ निवडत निवडत बाहेर आली आणि म्हणाली, अरे, ते गेले, घर काय गेलं का? प्रितमने विचार केला. लाल पेन काढलं. आणि पहिल्या शेऱ्याखाली जोडायला एका कागदावर लिहून सही केली: 'घेणारा मयत. घर चालू.'

तालुक्याच्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. 'घर चालू' याला नाकारणारा नियम त्यांना सापडला नाही. पार्सल मिळालं.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण बाबांचं जुनं सीडीचं यंत्र उघडलं तेव्हा आत पालीची तीन अंडी होती. ती काढून चकती घातली तर यंत्राने ती चघळून परत दिली. शेजारपाजार जमला. कोणी म्हणालं साबणाने धुवा. कोणी म्हणालं उन्हात ठेवा, नवी आहे, सर्दावली असेल. गोदूकाकींनी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला सांगितलं, कारण त्यांचा मोबाइल तसा बरा झाला होता. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला फोन केल्यावर खरा प्रकार कळला. ही चकती नव्या जातीची, तिला यंत्रही नव्या जातीचं लागतं. शिवाय कंपन्यांनी जगाचे तीन भाग पाडले आहेत, आणि एका भागातली चकती दुसऱ्या भागातल्या यंत्रात चालू नये अशी व्यवस्था केली आहे. जपान एका भागात, आपण दुसऱ्या. सात वाड्यांच्या हद्दीवरून पन्नास वर्षं कोर्टात भांडणाऱ्या आडखोलच्या लोकांनाही हे ऐकून कौतुक वाटलं.

तिन्ही भागांचं यंत्र जिल्ह्यात एकाकडे असल्याचं गुणाजीकाकांनीच आठवून सांगितलं. रेडीचा दीपेश. बोटीवर इंजिनियर आहे, सिंगापूरहून आणलंय, सध्या सुट्टीवर आहे. गुरुवारी पहाटेची एसटी पकडून, दोन ठिकाणी बदलून, संचिता रेडीला पोहोचली. दीपेश घरी नव्हता. त्याच्या आईने सोलकढी पाजून सांगितलं की तो सासरवाडीला आरोंद्याला गेलाय, आणि यंत्र सोबत नेलंय, कारण सासऱ्यांना कुस्त्या बघायच्या असतात. संचिता आरोंद्याला गेली. सासऱ्यांची कुस्ती मध्यावर आली होती. ती निकाली होईपर्यंत बसली. दीपेश बाबांचा विद्यार्थी निघाला. मास्तरांनी आपल्याला चित्रकलेत नापास केलं होतं, वर्गात तेवढा एकच नापास, हे त्याने आधी सविस्तर सांगितलं, मग यंत्र टॉवेलात गुंडाळून दिलं. परतीच्या एसटीत ती ते मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरने वाकून विचारलं, बाळ किती महिन्यांचं? ती चाळिशीची, बिनलग्नाची, दिवसभराची उपाशी. तिने तिकिटाचे पैसे पुढे केले. तेवढी प्रतिष्ठा तिने शिल्लक ठेवली.

शुक्रवारी सकाळी यंत्र टीव्हीला जोडून झालं, आणि गोदूकाकी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. गावात सगळ्यांना कळलं होतं. घरात माणूस गेलेला, वर्ष फिरलेलं नाही, आणि या घरात खेळतमाशे? तेही रक्त पिणाऱ्यांचे? मास्तरांना वाट मोकळी व्हायची ती होईल का अशाने? संचिताने म्हटलं, काकी, मास्तरांनीच मागवलंय. गोदूकाकी म्हणाल्या, मास्तरांनी मागवलं तेव्हा मास्तर होते. आईचा चेहरा उतरला. आईला स्वतःला हरकत नव्हती, पण आईला उद्यापरवा गोदूकाकींच्याच शेजारी राहायचं होतं. संचिता सोमवारी कोल्हापूरला.

मग आडखोलात अशा वेळी जे करतात ते करायचं ठरलं. देवाला विचारायचं. ग्रामदेवतेच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. वाद मिटतो. दुपारी गंगाराम गुरवाने पाकळ्या लावल्या. वर्षाच्या आत म्हणून संचिता पायऱ्यांशीच थांबली. गाऱ्हाणं गंगारामनेच घालायचं, पण गुणाजीकाका पुढे झाले. तीस वर्षांचा राक्षसाचा आवाज, तो रिकाम्या देवळात वाया घालवणं त्यांच्याने झालं नाही.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली. "मास्तराच्या चेडवान एक काम काढलेला आसा."

"व्हय म्हाराजा," जमलेल्या पाच-सहा जणांनी साथ दिली.

मास्तरांच्या मुलीला जपानचा पिक्चर, मास्तरांनीच मागवलेला, त्यांच्याच घरात बघायचा आहे, वर्ष पुरं झालेलं नाही, तरी तुझी आज्ञा असेल तर उजवा कौल दे, इथपर्यंत सगळं रीतसर झालं. दर वाक्याला लोक होकार देत होते. काकांना चढत गेलं. समोर देव होता, कान देऊन ऐकत होता, आणि त्यांच्या बावीस वर्षांच्या भांडणात इतका मोठा पंच यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

"आणि ता चेडू त्या राक्षसाक मारीत असात," काका त्याच दमात म्हणाले, "तरी उजवोच दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. काय म्हणालो ते त्यांच्या नंतर लक्षात आलं. तोवर उजवीकडची पाकळी टपकन पडली होती.

मग काका हर्षाने वळले. "बघलंस? मारता ती. देवान सांगलान." गंगाराम गुरव मात्र डोक्याला हात लावून बसला. एका पाकळीत दोन सवाल घातल्याचं त्याच्या वडिलांच्या वेळीही कोणी पाहिलं नव्हतं. पाकळी पडली ती कुठल्या सवालाला? गोदूकाकींचं मत तयार होतं: देव शेवटचं ऐकतो, शेवटच्याचं उत्तर देतो. म्हणजे राक्षस मरतो, आणि पिक्चरची परवानगी नाही. पुन्हा विचारावं, तर एका दिवशी एकाच कामाला दोनदा विचारत नाहीत, आणि उद्या पहाटे गंगाराम तळेऱ्याला लग्नाला निघणार तो रविवारी रात्री परतणार. तेव्हा काका डोंबिवलीत असणार.

संचिता पायऱ्यांवर उभी राहून हे सगळं ऐकत होती. टपाल खातं झालं, जगाचे तीन भाग झाले, रेडी-आरोंदा झालं, आणि आता काकांनी स्वतःच, एका वाक्यात, देवासमोर, सगळं पाण्यात घातलं होतं. त्या क्षणी तिला गणवेशातल्या त्या मुलीबद्दल फार जवळीक वाटली. तिने गंगारामला एकच गोष्ट विचारली. गाऱ्हाणं ज्याने घातलं, त्याच्या मनात मूळ सवाल कोणता होता, हे त्याने शपथेवर सांगितलं तर चालतं का? गंगारामने बराच विचार केला. चालतं, म्हणाला. पण मग दुसरा सवाल देवाने ऐकलाच नाही असं धरायचं. त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

म्हणजे काकांना निवड करायची होती. देवाचा पुरावा ठेवायचा, की पिक्चर बघायचा? काका संचिताच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. पंधरा मिनिटं बसले. दोनदा उठून मूर्तीकडे पाहून आले. ती पाकळी अजून तिथेच पडली होती, उजवीकडे, स्पष्ट.

"पयल्या सवालाची," शेवटी ते म्हणाले, आणि मागे न बघता पायऱ्या उतरले.

शनिवारी दुपारी चित्रपट लागला. उजेड फार म्हणून खिडक्यांना निळी ताडपत्री लावली, त्यामुळे खोलीतले सगळे आजारी दिसू लागले. गोदूकाकी सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या पुढे बसल्या होत्या. आपण करमणुकीला आलो नाही, देवाच्या शब्दाला साक्ष म्हणून आलो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मांडीवर काकांचं मांजर होतं. चकतीवर चित्रपटाखेरीज इतरही पुष्कळ भरलं होतं, आणि संचिताने चुकून भलतंच बटण दाबल्यामुळे पहिली वीस मिनिटं टोपी घातलेला एक गृहस्थ खुर्चीत बसून जपानीत बोलत राहिला. सगळ्यांनी भक्तिभावाने ऐकलं. गोदूकाकींनी पाचव्या मिनिटालाच सांगून टाकलं की रक्त पिणारा तो हाच, याचे दात बघा. तो दिग्दर्शक असल्याचं कळल्यावरही त्यांनी मत बदललं नाही.

मग खरा चित्रपट सुरू झाला. खाली इंग्रजी अक्षरं येत. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि इंग्रजी तसंही येत नव्हतं, म्हणून संचिता एकेक ओळ वाचून मालवणीत सांगू लागली. राक्षस म्हणतो, तू उशीर केलास. मुलगी काहीच म्हणत नाही. मुलगी पुन्हा काहीच म्हणत नाही. ही जेवते कधी, आईने विचारलं. बंदरावर पाऊस पडत होता, बोटी हलत होत्या, आणि बोटी बघून काका म्हणाले की नांगर चुकीचा टाकलाय. एकेक राक्षस पडत गेला तसे काका प्रत्येकाला मार्क देत गेले. हा बरा मेला. हा घाईत मेला. याला मरायचं शिकवलंच नाही.

एकोणचाळिसावं मिनिट आलं. मुलीने तलवार उगारली. सगळे टीव्हीकडे बघायचं सोडून वरच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा फिरत राहिला. वीज गेली नाही. आणि लोकांचं लक्ष पुन्हा खाली येतं न येतं, तोच मुलीने तलवार चालवली आणि राक्षसाचं मुंडकं उडालं. उडालं म्हणजे सरळ उडालं. पाण्यात पडलं, बुडबुडे आले, मुलीने तलवार पुसली. पुढची सहा मिनिटं ती नुसती धक्क्यावरून चालत गेली, आणि नावं आली.

संचिता काकांच्या जल्लोषाची वाट पाहत होती. आठवडाभर तिने त्याचीच तयारी केली होती, हसून घ्यायची. काका मात्र हात गुडघ्यांवर ठेवून टीव्हीकडे बघत होते. नावं जपानीत वर सरकत होती.

"मारलान," ते हळू म्हणाले. "माझाच खरा होता." मग तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर रागच होता. "आता सांगू कोणाक गो मी ह्या?"

संचिताने चकतीच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग ताठ बसली, आणि बाबा वर्गात करत तसा चष्मा वर सरकवून म्हणाली, "काय खरा तुमचा? ता उडालेला टकला राक्षसाचाच कशावरून?"

काका बघतच राहिले. "डोळ्यांनी बघलंय मी."

"तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तेची सावली बघलात? सावलीक टकला होता. मी बघलंय. ती मारून सोडता."

गोदूकाकी म्हणाल्या की मुंडकं त्याचंच होतं, आपण साक्षीला आहोत. संचिता म्हणाली, काकी, तुम्ही मांजराकडे बघत होतात. काकांच्या मानेची शीर उभी राहिली. रंग परतला. मुंडकं उडाल्यावर राक्षसाचं काय होतं हे तू मला शिकवतेस? पुस्तकं वाचून? ते उठले, खोलीच्या मधोमध आले, एक पाय मागे टाकला, गळ्यावर हात धरला, एक गिरकी घेतली, आणि शहात्तराव्या वर्षी जमिनीवर असे धाडकन कोसळले की मांजर ताडपत्रीवर चढलं आणि चहा ठेवायला गेलेली आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"ह्येका म्हणतत मेलेलो," काका जमिनीवरून म्हणाले. "बघ. हात असो पडता. मान अशी. ह्यो सुटान जाता? खंय जातलो सुटान? सांग तुझ्या बापाशीक…"

"मेलेलो माणूस इतको बोलत नाय, काका," संचिता म्हणाली.

ती बोलून गेली. आई दाराची चौकट धरून उभी होती.

काका वर कौलांकडे बघत पडून राहिले.

"नाय बोलत," ते म्हणाले. मग त्यांनी हात वर केला. "धर. गुडघो धरलो." संचिता आणि आई, दोघींनी मिळून त्यांना उठवलं, खुर्चीवर बसवलं. त्यांनी धोतर झटकलं, चष्मा पुसला, नीट लावला.

"मागे घे," ते म्हणाले. "सावली खंय म्हणतंस ती दाखव माका."